काळे केस, कॅरमल शेड आणि घरचं ब्लीच : भाचीच्या केसांचं एक पूर्ण प्रकरण

भाची २६ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी, केस दाट, थोडे लाटदार, पाठीच्या मध्यापर्यंत, साधारण ५० सेंटिमीटर. रंगाचं विचाराल तर ती म्हणते काळा, पण शेड कार्ड शेजारी धरलं की लेव्हल २ आणि ३ च्या मधे बसतो, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांचे असतात तसे अगदी गडद तपकिरी, ज्याला आपण सरसकट काळे म्हणून मोकळे होतो. हे लेव्हलचं गणित सोपं आहे, १ म्हणजे कुट्ट काळा आणि १० म्हणजे फिकट सोनेरी. तिनं मोबाइलवर जो फोटो दाखवला तो होता लेव्हल ८ चा, हनी ब्लाँड, मुळापासून टोकापर्यंत एकसारखा. मैत्रिणीचं लग्न पंधरा दिवसांवर, पार्लरवाल्यांनी सांगितलेला आकडा ऐकून हिचं अवसान गळालेलं, म्हणून मामीला फोन. मामी म्हणजे मी. माझं पार्लर होतं, आता बंद केलंय, पण ओळखीपाळखीच्या लोकांचं घरी जाऊन करते अजून.

शेवटी तिचं काम झालं, छान झालं, पण फोटोतल्यासारखं अजिबात झालं नाही. काय ठरलं आणि का ठरलं ते सविस्तर लिहिते, कारण घरी काळे केस लाइट करणाऱ्या मुली शेड कुठली घेऊ हे विचारतात, डेव्हलपर (ब्लीच पावडरीत किंवा रंगात कालवायचं पेरॉक्साइड) कुठला घेऊ हे विचारतात, आणि ज्या गोष्टीवर सगळं अडतं ते कुणीच विचारत नाही. डोक्यावर आत्ता जे केस आहेत त्यांना आजवर काय काय लागलंय, ते.

आधी चौकशी

फोनवर मी पहिलं विचारलं, आधी काही केलंयस का केसांना? "काहीच नाही गं मामी, एकदम व्हर्जिन केस आहेत." हे उत्तर मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि मुली खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं, कारण आपल्या घरात मेहंदी लावणं हे कलर करण्यात धरतच नाहीत. आणि काळी मेहंदी तर त्याहून नाही, ती "आयुर्वेदिक" असते. म्हणून मी प्रश्न फिरवून विचारते. मेहंदी लावलीस का, कधी, कुठली, नुसती हिरवी की काळी, स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग केलंस का, कुणाच्या लग्नात कुणी काही लावून दिलं का, हॉस्टेलवर काही उद्योग केले का.

मग एकेक बाहेर यायला लागलं. बारावीपर्यंत दर महिन्याला आईनं मेहंदी लावलेली. ती सोडून द्या, केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या केसाचं टोक फार तर चार वर्षांचं, बारावीतले केस केव्हाच कापून गेले. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात भांगात चार पांढरे दिसत होते म्हणून काळी मेहंदी लावलेली, पूर्ण डोक्याला, मग साखरपुड्याचे फोटो आवडले म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी परत. आणि सहा-सात महिन्यांपूर्वी रूममेटनं चेहऱ्याचं ब्लीच उरलं म्हणून कानामागच्या एका बटेला लावून बघितलं होतं, ती बट तांब्याच्या रंगाची झालीये आणि ती कायम बाकीच्या केसांखाली लपवून ठेवते. स्मूदनिंग नाही, हे नशीब.

म्हणजे व्हर्जिन म्हणवणाऱ्या या डोक्यावर तीन वेगवेगळे प्रदेश होते. मुळापासून वीत-दीड वीत खरोखर कोरा केस, त्याच्या खाली टोकापर्यंत काळी मेहंदी, आणि एक बट अर्धवट ब्लीच झालेली.

काळ्या मेहंदीचं ते पाकीट नणंदेच्या कपाटात अजून होतं, तोच ब्रँड त्या अजूनही वापरतात. पुढच्या बाजूला हिरवी पानं, मागे बारीक अक्षरात घटकांमध्ये पॅरा-फेनिलीनडायअमाइन, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात, आणि त्याच्याखाली भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो, आधी त्वचेवर चाचणी घ्या, असा इशारा. हा इशारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि तो वाचायला मला चष्मा बदलावा लागला. थोडक्यात काळी मेहंदी म्हणजे मेहंदीच्या नावाखाली केसाच्या आत शिरून बसणारा केमिकल डाय. मेहंदीच्या पानातला लॉसोन एकटा असता तर केस लालसर झाले असते, काळे नाही.

आत काय घडतं, थोडक्यात

आपल्या केसात दोन प्रकारचं मेलॅनिन असतं, एक गडद काळं-तपकिरी आणि एक लाल-पिवळं. ब्लीचमधला पेरॉक्साइड आणि पावडरीतली परसल्फेट्स मिळून आधी गडद मेलॅनिन फोडतात, ते लवकर जातं, लाल-पिवळं मात्र चिवट असतं, शेवटपर्यंत रेंगाळतं. म्हणून काळा केस उजळताना कायम त्याच रस्त्यानं जातो, गडद तपकिरी, मग लाल, मग लालसर केशरी, केशरी, केशरी-पिवळा, पिवळा, फिकट पिवळा. मधला कुठलाही टप्पा गाळता येत नाही. केशरी दिसलं म्हणजे बिघडलं असं नाही, केशरी म्हणजे तुम्ही लेव्हल ६ च्या स्टेशनावर उभ्या आहात.

नुसती हेअर कलरची डबी, तिच्यावर गोल्डन ब्राऊन लिहिलेलं असतं आणि बाईचा फोटो असतो, ती कोऱ्या काळ्या केसाला एक-दोन लेव्हलच वर नेते. २ चा ४ होतो. तो उन्हात दिसतो, घरात आलं की गायब. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी तेच करावं, ब्लीचच्या वाटेला जाऊच नये, केस सगळ्यात कमी दुखावतात त्यात. पण हीच डबी आधी काळा डाय बसलेल्या केसावर लावली तर तेवढंही होत नाही, कारण कलरनं कलर उचलला जात नाही. मग मुळाशी नव्या केसात लालसर चमक आणि खाली काळं तसंच, असं उलटंच होऊन बसतं.

डेव्हलपरचे आकडे लोक घाबरत तरी वापरतात किंवा बिनधास्त तरी. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. आकडा मोठा तर रंग लवकर उडतो, पण केसाचं प्रोटीनही त्याच वेगानं फुटतं आणि टाळू भाजायची शक्यता वाढते. घरी ब्लीचसोबत २० च्या वर जाऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे. २० व्हॉल्यूम हळू काम करतो, आणि हळू हाच घरच्या माणसाचा फायदा, पाच मिनिटं बघायला उशीर झाला तरी निभतं. ४० व्हॉल्यूममध्ये पाच मिनिटं म्हणजे फार झालं.

रील्समधल्या लिंबू-मध-दालचिनीबद्दल तिनं विचारलंच. लेव्हल २ च्या केसावर त्यानं काही दिसत नाही, आणि लिंबू लावून गच्चीवर उन्हात बसलं की कपाळावर, मानेवर त्वचा भाजून डाग पडू शकतात, ते मात्र दिसतात. मेडिकलमधून जखमेवर लावायचं पेरॉक्साइड आणून शिंपडणं हाही प्रकार असतो, ते पाण्यासारखं पातळ, ओघळून डोळ्यात जातं. आणि चेहऱ्याचं ब्लीच केसाला लावू नका, त्याचा पुरावा तिच्या कानामागे होताच.

कंगव्यातल्या केसांची परीक्षा

डोक्याला हात लावायच्या आधी मी तिला कामाला लावलं. रोज विंचरताना कंगव्यात येणारे लांब केस टाकायचे नाहीत, मुळाकडची बाजू एका दिशेला ठेवून सेलोटेपला चिकटवायचे. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो तीच मुळाची बाजू. चांगली जुडी जमली की तीच आपली टेस्ट स्ट्रँड, डोक्यावरचा एकही केस न कापता पूर्ण लांबीचा इतिहास हातात. ज्यांचे केस इतके गळत नाहीत त्यांनी मानेजवळच्या आतल्या थरातली पातळ बट घ्यावी.

त्याच वेळी दुसरी चाचणी कानामागे, त्वचेवर. जो टोनर, म्हणजे ब्लीचनंतर भडकपणा मारून हवी ती छटा देणारा रंग, लावायचा होता तो त्याच्या डेव्हलपरमध्ये मिसळून चण्याएवढा ठिपका, आणि दोन दिवस लक्ष ठेवायचं. हे ती टाळत होती, "मी कलर लावलाय की आधी, काही नाही झालं", आणि इथे माझा आवाज चढला. पीपीडीची ॲलर्जी पहिल्या वेळी येतेच असं नाही, शरीर पहिल्यांदा ओळख करून घेतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भडकतं. काळी मेहंदी दोनदा लावलेल्या मुलीला ही चाचणी इतरांपेक्षा जास्त गरजेची. जत्रेत, बीचवर हातावर काळ्या मेहंदीचा टॅटू काढून घेतलाय त्यांनाही तेच. ब्लीचच्या मिश्रणाचाही छोटा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितला, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरता, कारण परसल्फेटनंही काहींना गांधी उठतात आणि दमेकऱ्यांना त्याची पावडर नाकात गेली तर धाप लागू शकते. तिला दोन्हीकडे काही झालं नाही.

जुडीचा निकाल मात्र बघण्यासारखा होता. २० व्हॉल्यूममध्ये कालवलेलं ब्लीच, प्लॅस्टिकच्या झाकणात जुडी ठेवून पूर्ण लांबीला लावलं. सुरुवातीला मी बोट लावून बघत होते की गरम होतंय का, फेसाळतंय का, कारण काही स्वस्त काळ्या डायमध्ये धातूचे क्षार असतात, ते पेरॉक्साइडला भिडले की तो एकदम फुटतो, उष्णता निघते आणि केस हातात विरघळून येतो. तसं झालं असतं तर प्रकरण तिथेच बंद. तसं झालं नाही. चाळीस मिनिटांनी धुतलं तर मुळाकडची वीतभर आणि वर तीन-चार बोटं छान केशरी, थोडी पिवळ्याकडे झुकलेली. आणि तिथे एक रेष. अक्षरशः पट्टी ठेवून मारल्यासारखी रेष, तिच्या खाली विटकरी लाल, आणि अगदी टोकाला खाकी-हिरवट झाक. ही हिरवट झाक बहुतेक त्या पाकिटातल्या नीळीच्या पानांची, इंडिगो लावलेले केस ब्लीच केल्यावर असे हिरवे पडतात.

मग ओले केस दोन बोटांत धरून ताणले. केशरी भाग थोडा लांबला आणि परत आला. टोकाचा भाग लांबला, परत आला नाही, आणि तुटला.

भाची तो तुटलेला तुकडा बराच वेळ बोटावर घेऊन बसली होती. फोटोचा विषय नंतर तिनं स्वतःहून काढला नाही.

ठरवलं काय

आता पर्याय तिचे. पूर्ण डोकं लेव्हल ८ ला न्यायचं तर खालच्या अर्ध्या केसांना दोन-तीनदा ब्लीच लागलं असतं आणि त्यातले निम्मे लग्नाआधी बेसिनमध्ये आले असते. खांद्यापर्यंत केस कापून टाकले तर सगळा कोरा केस उरतो, पण ते ऐकून नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "वहिनी, तू तिला समजवायला आलीस की भादरायला?" एक वर्ष थांबायचं, काळ्या मेहंदीचे केस खाली सरकू द्यायचे, हळूहळू ट्रिम करायचे, हा खरं तर सगळ्यात शहाणा पर्याय, पण सव्विसाव्या वर्षी कुणी वर्षभर थांबतं का.

माझ्या डोक्यात ती रेष होती. रेषेच्या वरचा केस निरोगी आहे आणि सुंदर उजळतोय. मग रेषेच्या वरचाच केस वापरायचा. समोरच्या बाजूला लेअर्स कापायच्या, हनुवटीच्या खाली दोन-तीन बोटं येतील अशा, म्हणजे त्या लेअर्स रेषेच्या आतच संपतात, त्यात काळ्या मेहंदीचा एक तुकडाही नाही. फक्त त्याच बटा उजळायच्या, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी आणि भांगाच्या वरच्या थरातल्या थोड्या. मागची लांबी तशीच काळी. समोर कॅरमल, मागे गडद, हल्ली अशी फॅशनही आहे, पण मला त्यात आवडलेला भाग असा की रंगाचं अवघड काम कात्रीनं अर्धं करून टाकलं. आणि ब्लीच टाळूला लागणारच नव्हतं, बटा मुळापासून तीन-चार सेंटिमीटर सोडून सुरू करायच्या. घरी ब्लीच करायचं असेल तर टाळू सोडून करा, हे मी कुणालाही सांगेन. मुळाशी टाळूच्या उष्णतेनं केस लवकर उजळतो, त्यामुळे नवख्या हातानं मुळापासून लावलं की वर पिवळं आणि खाली केशरी असं होतं, शिवाय भाजण्याची भीती. मुळापासून पूर्ण डोकं ब्लीच करायचंच असेल तर ते पार्लरमध्ये, चार पैसे जास्त देऊन.

शेडही खाली आणली. ८ नाही, ७. गव्हाळ रंगाला ते शोभतंही जास्त, हे मी तिचं मन राखायला म्हटलं नाही, खरंच तसं आहे. आणि तारीख लग्नाच्या आठवडाभर आधीची, म्हणजे टोनर जास्त बसला तर दोन-तीन धुण्यांत उतरायला वेळ.

त्या दिवशी

त्यांच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी, बादलीला पांढरे थर बसतात असं. जड पाण्यातले तांबं-लोखंडाचे कण केसावर साठतात आणि ब्लीच त्यांच्याशी वाकडं वागतं, म्हणून दोन दिवस आधी तिला असे कण धुऊन काढणारा, ईडीटीए असलेला क्लॅरिफाइंग शाम्पू लावायला सांगितला होता. त्यानंतर केस धुवायचे नाहीत, टाळूचं नैसर्गिक तेल राहू द्यायचं. आदल्या रात्री लांबीला खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला. २००३ साली मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली होती, त्यात खोबरेल केसाच्या आत शिरून प्रोटीनची झीज कमी करतं असं दिसलं, ब्लीच केलेल्या केसातसुद्धा. आता खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचा अभ्यास, त्यामुळे चिमूटभर मीठ घालूनच घ्या, पण माझ्या आजीचं आणि त्यांचं एकमत आहे म्हटल्यावर मी लावते.

सकाळचं काम, दुपारच्या उन्हाआधी, कारण खोली तापली की ब्लीचही वेगात धावतं. गॅलरीचं दार उघडं, पंखा बंद, वाऱ्यानं मिश्रण वाळतं आणि वाळलेलं ब्लीच काम थांबवतं. तिला जुना गाऊन, कपाळाला, कानांना व्हॅसलिनचा थर, मला हातमोजे. वाडगा प्लॅस्टिकचा, ब्रश प्लॅस्टिकचा, स्टीलची वाटी-चमचा नाही. पावडर वाडग्यात ओतताना तोंड बाजूला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २० ग्रॅम पावडर आणि त्याच्या दीडपट २० व्हॉल्यूम डेव्हलपर, पाकिटावर घट्ट मिश्रणासाठी हेच प्रमाण दिलं होतं. चांगल्या घट्ट श्रीखंडासारखं झालं पाहिजे, ब्रशनं उचललं की बसून राहील, ओघळणार नाही. पातळ झालं तर ते शेजारच्या काळ्या केसांवर उतरतं आणि नको तिथे केशरी ठिपके पडतात.

लेअर्स आदल्या दिवशीच कापून ठेवल्या होत्या. बट घ्यायची, खाली प्लॅस्टिकची पट्टी, आणि रंगवताना टोकाकडे भरपूर, वर जाताना ब्रश हलका, शेवटी नुसता उभा धरून पुसल्यासारखा, म्हणजे वरची कड ठळक दिसत नाही, विरघळत जाते. कपाळावरची बारीक लव सोडली, ते केस इतके पातळ असतात की बाकीच्यांच्या आधीच पिवळे होऊन बसतात. कानामागची ती तांबूस बट क्लिपनं बाजूला, तिला ब्लीच पुन्हा नाही. लावून झालं की वरून क्लिंग फिल्म. ड्रायर नाही, गरम टॉवेल नाही.

मग बघत बसायचं. दर पाच-सात मिनिटांनी एक बट ओल्या कापसानं पुसून खिडकीच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली बघू नका, पिवळा हिरवा दिसतो आणि केशरी तपकिरी. वीस-पंचवीस मिनिटांनी लालसर, पस्तिशीला झणझणीत केशरी, आणि आमच्या बाईंनी आरसा मागितला. "अगं मामी, हे काय झालंय! मी बँकेत कशी जाऊ?" मी म्हटलं, स्टेशन आलंय, उतरायचं नाही अजून. चाळिशी ओलांडल्यावर केशरीत पिवळा शिरला तेव्हा धुतलं. पाकिटावर ५० मिनिटांची मर्यादा होती, ती केशरी असतं तरी ओलांडली नसती. हवा तो रंग नाही आला तर धुवायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं, मग पुढचा विचार. "अजून दहा मिनिटं ठेवू" या वाक्यानं जितके केस गेलेत तितके कशानंच गेले नसतील.

मधेच तिला कानाजवळ चुणचुणलं, तिथे व्हॅसलिन पुसलं गेलं होतं आणि मिश्रण टेकलं होतं, लगेच ओल्या कापसानं टिपून काढलं. हलकी खाज वेगळी आणि आग वेगळी. आग झाली की रंगाचा विचार न करता धुवायचं. डोळ्यात गेलं तर साध्या वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवायचं आणि तडक डॉक्टर.

धुताना कोमट पाणी, घासाघीस नाही, ब्लीचचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका, त्यातून गॅस निघत राहतो आणि डबी फुटते. भरपूर पाण्यासोबत सोडून दिलं.

टोनर लेव्हल ७ चा बेज, त्यात थोडा ॲश, म्हणजे राखेच्या छटेचा, १० व्हॉल्यूममध्ये. रंगाच्या चक्रात केशरीच्या समोर निळा असतो आणि पिवळ्याच्या समोर जांभळा, ॲशमध्ये तेच असतं, म्हणून तो केशरीचा भडकपणा खातो. पण पूर्ण खाऊ द्यायचा नाही, कॅरमल म्हणजे थोडी ऊब राहायलाच हवी, नाहीतर राखाडी-मातकट दिसतं. टोनर केस उजळवत नाही हे लक्षात ठेवा, केशरीवर फिकट सोनेरी टोनर लावून सोनेरी होत नाही, फक्त पैसे जातात. टॉवेलनं टिपलेल्या ओल्या केसांवर लावला, दर दोन-तीन मिनिटांनी बघत होते, बारा मिनिटांच्या आसपास भडक केशरी शांत होऊन साखर जळायच्या आधीचा जो तपकिरी सोनेरी असतो तो आला. धुतलं. मग तीच कानामागची बट, तिलाही तीन मिनिटं टोनर, ती बाकीच्यांत मिसळून गेली.

नंतर

केस वाळल्यावर आईचा पहिला शब्द होता, "बरं दिसतंय की." त्या घरात याला कौतुक म्हणतात.

पुढचं मी तिला तोंडीच सांगितलं. पहिले दोन-तीन दिवस शाम्पू नाही. नंतर सल्फेट नसलेला, आठवड्यात दोनदा पुरे, प्रत्येक वेळी कंडिशनर, तो जरा आम्लधर्मी असतो आणि ब्लीचनं उघडलेली केसाची खवलं बसवतो. आठवड्यातून एकदा मास्क. स्ट्रेटनर त्या समोरच्या बटांवर महिनाभर बंद, तिला हे सगळ्यात जड गेलं. ओले केस विंचरताना रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून वर. ब्लीच केलेला केस पाणी जास्त पितो आणि ओला असताना सगळ्यात कमजोर असतो. पोहायला गेली तर आधी साधं पाणी आणि कंडिशनर लावून केस भिजवून घ्यायचे, पूलच्या पाण्यातलं तांबं अशा केसात बसलं की हिरवट होतं.

टोनर सहा-आठ आठवड्यांत फिका पडेल आणि केशरी परत डोकवेल, तेव्हा फक्त टोनर, ब्लीच नाही. मधल्या काळात निळा शाम्पू. जांभळा आणू नकोस म्हटलं, तो पिवळ्यावर चालतो, तिच्या केशरीला निळाच लागतो, दुकानदार मात्र सगळ्यांना जांभळाच देतो. मुळं वाढली तरी दिसणार नाहीत कारण वरची कड मुळाशी नाहीच. उजळलेल्या केसाला दुसऱ्यांदा ब्लीच लावायचं नाही. सहा महिन्यांनी वाटलं तर शेजारची कोरी बट घ्यायची. आणि काळी मेहंदी पुन्हा नाही, निदान उजेडाची हौस आहे तोवर.

एवढं सगळं झाल्यावर नणंद म्हणाल्या, "मलाही समोर थोडं करून दे ना, पांढरे लपतील." कल्पना चांगली होती, पांढऱ्यांत फिकट बटा मिसळून जातात, काळ्या रंगानं झाकण्यापेक्षा ते सोपं. पण त्यांच्या केसांवर दर महिन्याची काळी मेहंदी, मुळापासून टोकापर्यंत रेषच नाही, सगळं खालचंच. शिवाय मी सहज विचारलं, लावल्यावर काही होतं का ताई? तर म्हणाल्या, काही नाही गं, दोन दिवस कपाळाच्या कडेला आणि कानाला खाजतं, पुरळ येतं, मागच्या वेळी पापण्या जरा सुजल्या होत्या, मग जातं.

हे जरा नाही. ही पीपीडीची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता आहे आणि ती दर वेळी वाढत जाऊ शकते, पुढच्या वेळी डोळे बंद होण्याइतका चेहरा सुजला, श्वास लागला, असंही होऊ शकतं. ब्रँड बदलून उपयोग नाही, बहुतेक काळ्या डायमध्ये तेच किंवा त्याचा भाऊबंद असतो, आणि "अमोनिया फ्री" लिहिलेलं असलं तरी पीपीडी असू शकतं, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. मी त्यांना कुठलाच रंग लावायला नकार दिला आणि त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली, तिथे पाठीवर पट्ट्या चिकटवून कशाची ॲलर्जी आहे ते नीट तपासतात. जाताना ते पाकीट पर्समध्ये टाका म्हटलं, नाव सांगू नका, मागची बारीक अक्षरं दाखवा.